पायऱ्यांचे गुण
(शाळेच्या १९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. "तू पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर मुलांच्या मोबाइलबद्दल काहीतरी बोल," असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण मोबाइलबद्दल इथे बसलेल्या कुणाला काही नवं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. माझा स्वतःचाच सुटत नाही. म्हणून मी दुसरंच सांगणार आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि आयुष्यातला पहिला संशोधन प्रकल्प पुरा केला, त्याची ही गोष्ट. प्रकल्प आपल्या सिन्नरमध्येच झाला. आणि त्यात एक जुनी गोष्ट आहे, ती तुमच्यासमोर बोलायची राहून गेली होती.

आधी हे मानसशास्त्र कुठून आलं ते सांगते. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पहिली दहा वर्षं प्रोग्राम लिहिले, नंतरची दहा वर्षं प्रोग्राम लिहिणारी माणसं सांभाळली. प्रोग्राम बिघडला तर त्याची नोंद सापडते, कुठल्या ओळीत बिघडला ते कळतं. माणसाचं तसं नाही. माझ्या टीममधला एक हुशार मुलगा एका सोमवारी राजीनामा देऊन गेला. सहा महिने तो झोपत नव्हता, हे मला त्याच्या शेवटच्या दिवशी कळलं. रोज त्याच्याशी बोलत होते, तरी कळलं नाही. त्यानंतर मी वाचायला लागले आणि वाचता वाचता इग्नूच्या मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. दूरस्थ शिक्षण, नोकरी सांभाळून. वीस वर्षांनी हाताने पानंच्या पानं लिहून गृहपाठ केले. माझं अक्षर अजून तसंच आहे, बाई. कोंबडीचे पाय.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प असतो. विषय आपण निवडायचा, मार्गदर्शकांकडून प्रस्ताव मान्य करून घ्यायचा, माहिती गोळा करायची, अहवाल लिहायचा आणि शेवटी तोंडी परीक्षा. माझ्या मार्गदर्शक नाशिकच्या एक प्राध्यापक बाई होत्या, वयाने माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी पहिल्या भेटीत त्यांच्यासमोर विषयांची यादी ठेवली : आयटीतला ताण, घरून काम, स्क्रीनचा वेळ. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "ह्यातलं तुम्हाला खरंच काय जाणून घ्यायचंय?" मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, "मग लहानपणी काय बघून नवल वाटायचं ते सांगा."

मी म्हणाले, "आईचे हात."

माझी आई विड्या वळायची. सिन्नरच्या माणसाला हे काय ते समजावून सांगायला नको. आज आपल्याकडे माळेगावची एमआयडीसी आहे, मुसळगावची वसाहत आहे, समृद्धी महामार्ग गावाला लागून गेलाय. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ह्या गावातल्या घराघरांत मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका होत्या. भिजवलेली पानं साच्यावर कापायची, चिमूट तंबाखू, एक वळसा, टोकं दुमडायची, दोरा. मजुरी हजारावर. खराब निघाल्या तर छाट, आणि छाटीचे पैसे नाहीत.

आईकडे बघून मला नवल वाटायचं ते हे, की तिचे हात कधी थांबायचे नाहीत आणि तोंडही थांबायचं नाही. विड्या वळता वळता ती माझे पाढे घ्यायची. एकोणीसचा पाढा चुकला की हात न थांबवता म्हणायची, "मागे जा." स्वतः चौथी शिकलेली. मग तिचं लक्ष विड्यांवर होतं की पाढ्यांवर?

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हा प्रश्न आहे. ह्यावर करा."

मानसशास्त्रात ह्या प्रश्नाला जुनी वाट आहे. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांचा एक प्रसिद्ध लेख आला. माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त, असं त्याचं सार सगळे सांगतात. पण त्यातला महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. ह्या सात 'गोष्टी' म्हणजे सुटे आकडेच असं नाही, गठ्ठेही असू शकतात. पुढे १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये बॅडली आणि हिच या दोघांनी लोकांना आकडे मनात धरून ठेवायला लावले आणि त्याच वेळी तर्काचे प्रश्न सोडवायला दिले. एका कामाने दुसरं किती अडतं, हे त्यांना बघायचं होतं. मी तेच करायचं ठरवलं, फक्त तर्काच्या प्रश्नांच्या जागी विडी ठेवली.

पद्धत सोपी होती. मी सेकंदाला एक या गतीने आकडे वाचायचे, समोरच्या बाईने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. तीन आकड्यांपासून सुरुवात, मग चार, पाच, असं नऊपर्यंत. हे तीन वेळा : एकदा हात मोकळे असताना, एकदा विड्या वळताना आणि एकदा हाताला नवखं काम देऊन. नवखं काम म्हणजे कागदी पट्ट्यांची चार पदरी वेणी. तीन पदरी वेणी प्रत्येकीला येते, चार पदरी कुणालाच येत नव्हती. माझा अंदाज असा, की नवख्या कामात आकडे जास्त विसरतील आणि विड्या वळताना कमी, कारण विडी आता हातांनाच पाठ आहे. तीन कामांचे क्रम सहा प्रकारे लागतात. प्रत्येक क्रमाला चार बायका, म्हणजे चोवीस. इंजिनिअरला असा हिशेब जमला की फार बरं वाटतं.

मग खरं काम सुरू झालं आणि हिशेब एकेक करून मोडायला लागला.

पहिली अडचण तंबाखूची. ज्या बायकांनी कष्टाने हे काम सोडलंय त्यांच्या हातात परत तंबाखू द्यायची नाही, असं मार्गदर्शक बाईंनी बजावलं. बरोबरच होतं. पण मग पानात भरायचं काय? तोडगा आईने काढला. वापरलेली चहापत्ती वाळवायची. पंधरा दिवस आमच्या गच्चीवर चहापत्तीचं वाळवण होतं. बायकांना ह्या चहाच्या विडीचं फार हसू आलं. एक आजी म्हणाल्या, "ही ओढली तर रातभर झोप नाही लागायची."

दुसरी अडचण संमतीपत्राची. नियमाप्रमाणे प्रत्येकीला समजावून सांगायचं, नाव गुप्त राहील, मधूनच उठून जायची मोकळीक आहे, आणि मग सही. पहिल्याच घरी काकूंनी कागद परत केला. "सही कशाची? आयुष्यात जिथं जिथं अंगठा दिला तिथं काहीतरी गेलंच." मी संगणकावर रोज 'मला मान्य आहे' वर बोट ठेवते, न वाचता. त्या काकूंनी तो कागद मला तीनदा वाचायला लावला आणि मग सही केली.

तिसरी अडचण माझीच. संशोधन करायच्या आधी छोटी चाचणी घेऊन बघतात, तशी मी आईवर घेतली. आई माझी, म्हणून तिचे आकडे प्रकल्पात धरायचे नाहीत, हे आधीच ठरलेलं. नुसता सराव. मी वाचलं : सहा, तीन, चार, आठ. आई म्हणाली, "त्रेसष्ठ, अठ्ठेचाळीस."

मी तक्त्यात चूक लिहिली. सूचना होती की आकडे जसे ऐकले तसे म्हणायचे. पुढचे पाच आकडे, पुन्हा तसंच, पुन्हा चूक. आईने माझ्या पेनाकडे बघितलं आणि विचारलं, "चुकलं का गं?"

मी म्हणाले, "असू दे, सराव आहे."

रात्री झोप लागली नाही. चहाच्या विडीशिवायच. मला आपले गणिताचे सर आठवत होते. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगत नाही. तुम्ही उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण द्यायचात. आणि उत्तर बरोबर असून पायऱ्या नसल्या तर विचारायचात, "हे आलं कुठून?" मी आईला विचारलंच नव्हतं की हे आलं कुठून.

ते आलं होतं कारखान्यावरच्या हिशेबातून. मोजून दिलेला माल, त्यातली छाट, वजा जाता उरले किती. कारकुनाच्या वहीवर डोळे ठेवून सगळं तोंडी करायचं, कारण तिथे एक आकडा हुकला तर आठवड्याची मजुरी हुकली. सुटा सहा आणि सुटा तीन तिच्या कामाचे नव्हतेच. तिने चार आकड्यांचे दोन गठ्ठे केले. मिलर यांनी लेखात लिहिलं तेच माझी आई माझ्यासमोर करत होती, आणि मी तिला चूक दिली होती. शिवाय मराठीत गंमत अशी, की 'त्रेसष्ठ'मध्ये तीन आधी येतो आणि साठ नंतर. कानावर आलं सहा-तीन, तोंडातून निघालं तीन-साठ. म्हणजे तिने उलटवून, बांधून, परत दिलं होतं, तेही हात चालू ठेवून.

सकाळी मी मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्यांनी मला वेल्स भाषेची गोष्ट सांगितली. वेल्समध्ये मुलांना आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत कमी गुण पडायचे. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली या दोन संशोधकांनी दाखवलं, की वेल्स भाषेतले अंक म्हणायलाच इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. मुलांच्या स्मरणशक्तीत खोट नव्हती, शब्द लांब होते. आपल्याकडेही हा विचार फार आधी झाला आहे. १९३० च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत, इथल्या मुलांवर तपासून ती बसवली. ती 'बिने-कामत' चाचणी पुढे कित्येक दशकं देशभर वापरली गेली. मी मात्र इंग्रजी पुस्तकातली सूचना मराठीत लिहिली आणि तपासायला निघाले.

आम्ही नियम बदलला. जोडी करून सांगितलं तर विचारायचं, "सुटे करून सांगा." सुटे बरोबर आले तर पूर्ण गुण. हा नियम प्रस्तावात लिहून, मान्य करून घेऊन, मगच पहिल्या बाईकडे गेले.

चोवीस बायकांना सात महिने लागले. दर शनिवारी पुण्याहून यायचं, रविवारी दोन-तीन घरं करायची, रात्रीच्या बसने परत. कुणाकडे लग्न, कुणाकडे दहावं, कुणाला मोतीबिंदूची तारीख. एका घरी मावशींनी सुरुवातीलाच सुनावलं, "आम्ही शाळेत नाही गेलो म्हणून आमची परीक्षा घ्यायला आलीस का?" त्या दिवशी मी चाचणी घेतली नाही. चहा घेतला आणि आले. पुढच्या खेपेला त्यांनीच निरोप पाठवला, "तुझी वेणी शिकायची राहिली." प्रयोगाचं सामान म्हणून नेलेली ती चार पदरी वेणी त्यांना आवडली होती.

मग सगळे आकडे संगणकात घातले. हा तर माझा प्रांत. बटण दाबलं आणि उत्तर आलं. विड्या वळताना बायकांना वेणीच्या वेळेपेक्षा थोडे जास्त आकडे आठवत होते, म्हणजे माझ्या अंदाजाच्या दिशेनेच. पण फरक लहान होता. संख्याशास्त्रात पी-मूल्य म्हणून एक आकडा असतो. खरोखर काही फरक नसताना, नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. रिवाज असा, की तो ०.०५ च्या खाली आला तर फरक लक्षणीय मानायचा. माझा आला ०.०८.

सात महिने. चोवीस घरं. आणि ०.०८.

मी आकडे पुन्हा पाहिले. दोन बायका अशा होत्या की त्यांनी सगळे आकडे जोड्यांनी बांधले आणि दोन्ही कामांत थेट नऊपर्यंत पोचल्या. त्याच्या पुढे माझ्याकडे आकडेच नव्हते, त्यामुळे त्यांचा फरक शून्य. सहज म्हणून त्या दोघींना वगळून बटण दाबलं. आला ०.०४.

मित्रांनो, रात्रीचे दीड वाजले होते आणि घरात कुणी जागं नव्हतं. दोन ओळी पुसायच्या होत्या. कारणही चांगलं होतं, 'वेगळी पद्धत वापरली म्हणून वगळले' असं लिहिता आलं असतं. कुणी विचारलं नसतं. पण प्रस्तावात मी आधीच लिहून दिलं होतं, की ऐकायला कमी येत असेल तरच वगळायचं. ह्या दोघींना उत्तम ऐकू येत होतं. त्यांचा दोष एवढाच, की त्या माझ्या चाचणीपेक्षा हुशार निघाल्या.

हे माझ्या एकटीचं नाही. २०१५ मध्ये जगभरातल्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय फरक नोंदवलेला होता. पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत आला. सगळे खोटारडे होते असं मुळीच नाही. पण रात्री दीड वाजता एखाददुसरी ओळ पुसायला चांगलं कारण सापडतं, एवढं मला तरी कळलं.

मी ०.०८ लिहिलं. त्या दोघींना वगळल्यावर काय येतं तेही उघड लिहिलं आणि ते निष्कर्षात का धरलं नाही हेही लिहिलं. जोड्या बांधण्याबद्दल चार पानं लिहिली. नऊवर थांबलेल्या चाचणीचा दोष माझा, हे लिहिलं. अंदाज सिद्ध झाला नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "मग तुम्हाला मिळालं काय?" मी म्हणाले, "पुढच्या वेळी काय विचारायचं ते." ते हसले. मी पास झाले. गुण किती ते विचारू नका, पण पायऱ्यांचे मिळाले.

आता ती राहिलेली गोष्ट.

आपण आठवीत होतो. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळायची, त्याचे फॉर्म वर्गात आले होते. बाईंनी विचारलं, "कुणाकुणाच्या घरी विडीचं काम आहे? हात वर करा." बरेच हात वर झाले. माझा झाला नाही. माझी आई शिवणकाम करते, असं मी तुमच्यातल्या काहींना सांगितलं होतं. तिच्या हातांना तंबाखूचा वास यायचा, म्हणून पालकसभेची चिठ्ठी मी तिला दाखवायची नाही. दोन दिवसांनी बाईंनी एक फॉर्म माझ्या वहीत ठेवून दिला, न बोलता, वही बंद करून. मी तो आईला दिला. तिने सही केली, पेन खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हात वर केला होतास ना?"

मी हो म्हणाले.

तेव्हा माझ्या आईची परीक्षा मी आधीच घेऊन टाकली होती आणि तिला शून्य दिलं होतं. तीस वर्षांनी तोच तक्ता घेऊन तिच्यासमोर बसले, तर पहिल्याच प्रश्नाला परत चूक लिहिली. फरक इतकाच, की ह्या वेळी रात्री जाग आली आणि सकाळी जाऊन विचारलं.

अहवालाची बांधलेली प्रत मी आईला नेऊन दिली. तिने पानं चाळली, आकड्यांच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यात मी कुठली?" मी सांगितलं, "तू नाहीस. तू सरावात होतीस." थोडा वेळ थांबून मी तिला शिष्यवृत्तीचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. बाई घरी येऊन गेल्या होत्या." आणि पुढचं पान उलटलं.

बाई, तुम्ही आज इथे आहात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

आई आज बरोबर आली आहे. मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसली आहे. तिला पंख्याखाली थंडी वाजते. आपल्या बॅचमध्ये ज्यांच्या घरी विड्या वळल्या जात होत्या त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटा. नऊच्या पुढचे आकडे घेऊन ही चाचणी पुन्हा करायचा माझा विचार आहे, आणि मला अजून चोवीस घरं लागतील. ज्यांनी त्या दिवशी वर्गात हात वर केले होते ते कोण कोण, हे मला अजून आठवतं. तुमच्याकडे आधी येईन.

माझी दहा मिनिटं कधीच संपली आहेत. सर घड्याळ बघताहेत.